चौथ्या दिवसाचा हिरवा

"ह्या वळांतलं मधलं बोट अर्धं का आहे?" वहीवालीने विचारलं. जेवणाची सुट्टी झाली होती, सेटवरचे मोठे दिवे विझले होते, आणि ती चष्मा कपाळावर सरकवून, हातातला फोटो माझ्यापुढे धरून माझ्या आरशापाशी उभी होती. तिचं कामच ते. आधीच्या शॉटमध्ये बटण लावलेलं असलं तर पुढच्या शॉटमध्येही ते लावलेलं आहे ना, पेल्यातलं पाणी तेवढंच आहे ना, हे सगळं ती वहीत लिहून ठेवते, म्हणून ती वहीवाली. फोटोत आमच्या हिरोइनचा डावा दंड होता, सकाळी मीच रंगवलेला. नवऱ्याने दंड आवळला, त्याची बोटं उमटली, त्याला आता चार दिवस झालेत, असं पटकथेच्या कागदावर लिहिलं होतं आणि तसं मी काढलं होतं. पहिलं बोट लांब. त्याच्या खालचं अर्धं, मधेच तोडल्यासारखं. मग पुन्हा एक लांब. मग करंगळी. "सिनेमातल्या नवऱ्याचा हात मी आत्ताच बघून आले," वहीवाली म्हणाली. "पाची बोटं धडधाकट आहेत त्याची."

मी फोटोकडे बघत राहिले. जिभेला एकदम गंजकी चव आली, दाढेखाली टाचणी आल्यासारखी. माझ्या हातून काय झालं ते मला कळलं, आणि ते वहीवालीलाही कळलंय हेही कळलं, कारण ह्या सेटवर अर्धं मधलं बोट एकाच माणसाला आहे. दिव्यांचा जो मुख्य, ज्याला दिग्दर्शकापासून चहावाल्यापर्यंत सगळे दादा म्हणतात, त्याला. सगळे म्हणतात, मी सोडून. माझा तो नवरा आहे.

मी हे मुद्दाम केलं नव्हतं. मुद्दाम केलं असतं तर छातीठोकपणे सांगितलं असतं, आता सांगायला कसली भीती. सकाळी सातला हिरोइन खुर्चीत येऊन बसली, बसल्या बसल्या डुलकी घ्यायला लागली, मी तिचा हात उशीवर ठेवला, स्पंज भिजवला आणि कामाला लागले. डोक्यात काही नव्हतं. गॅस संपत आलाय, एवढंच होतं. हात आपला आपण चालला होता. आधी जांभळा, मग त्यावर तपकिरी, आणि कडेला तो हिरवा, जो चौथ्या दिवशीच येतो, तिसऱ्या दिवशी नाही आणि पाचव्या दिवशी पसरून जातो. हा हिरवा मला कुणी शिकवलेला नाही. मी कुठल्या शाळेत गेले नाही. लग्नाआधी नाटकाच्या रंगपटात पावडरचे डबे भरायचं काम करायचे, तिथे बघून बघून शिकले. म्हाताऱ्याला तरुण कसं करायचं, तरुणाला प्रेत कसं करायचं. पण मार कसा काढायचा हे रंगपटात कुणालाच येत नव्हतं. तिथे मार म्हणजे डोळ्याखाली काजळाचं बोट फिरवलं की झालं. खरा मार कसा दिसतो ते मी लग्नानंतर शिकले, आणि त्यावरच आज माझं नाव आहे. जखमा काढायच्या असल्या की मला बोलावतात. "तिच्या हातात काय जादू आहे," म्हणतात. जादू. अकरा वर्षं रोज आंघोळीच्या वेळी अभ्यास चालला होता माझा, आणि हे जादू म्हणतात.

आता ह्या खेपेला झालं असं की सिनेमातल्या बाईच्या दंडावरचे वळ चौथ्या दिवसाचे, आणि माझ्या पूर्ण बाहीच्या आत, डाव्याच दंडावर होते तेही चौथ्याच दिवसाचे. हाताने समोरचं उचललं. एवढंच. नक्कल करणाऱ्या मुलाने शेजारच्याच्या पेपरातली चूकसुद्धा उतरवून घ्यावी तसं.

वहीवाली शेजारच्या स्टुलावर बसली. ती फार बोलणारी बाई नाही. तिने हळू आवाजात मला सगळं समजावून सांगितलं: सकाळपासून चार शॉट झालेत, त्यातल्या दोनांत दंड जवळून दिसतो. दुपारी मोठा क्लोजअप आहे, नुसत्या दंडाचा. आता बोट पुरं केलं तर आधीच्या शॉटशी जुळणार नाही, मग ते चार शॉट पुन्हा घ्यावे लागतील. पण ती सांगेल की केस जुळत नव्हते, चूक तिची, ती शिव्या खाईल. वहीत तिने अजून काही लिहिलेलं नव्हतं. "तू म्हणशील ते लिहिते," ती म्हणाली आणि माझ्या बाहीकडे बघायचं टाळून आरशाकडे बघायला लागली. मला तिचा राग आला. खरं सांगते, आधी रागच आला. ही बाई सात वर्षं माझ्याबरोबर काम करतेय, पेल्यातलं पाणी बोटभर कमी झालं तर हिला दिसतं, मग भर उन्हाळ्यात मी पूर्ण बाह्या घालते हे कुठल्या वहीत लिहिलं होतं हिने? पण मी तसं बोलले नाही. मीही तिला कधी काही सांगितलं नव्हतं. मी तर इतकं चांगलं झाकायचे की कुणाला दिसलं असतं तर माझ्याच कामाला कमीपणा आला असता. ह्या गोष्टीचा मला अभिमान होता, हे कबूल करायला लाज वाटते, पण होता.

दादा चांगला माणूस आहे. कुणालाही विचारा. कुणाच्या घरी आजारपण निघालं तर पहिला दादा धावतो. शिडीवरून कुणी पडला तर त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेणारा दादाच. बोट कसं तुटलं ही गोष्ट तो तीन तऱ्हांनी सांगतो, एकदा जनरेटरचा पट्टा, एकदा दिव्याची झडप, एकदा वाघ, आणि दर वेळी लोक पोट धरून हसतात. नव्या माणसाला तो हात पुढे करून म्हणतो, "मोजून घे, नंतर तक्रार नको." आम्हा दोघांवरही सेटवर ठरलेले विनोद आहेत. अख्ख्या युनिटचा दादा आणि हिचाच तेवढा नाही. हा उजेड पाडतो, ही त्यात रंग भरते, घरी बल्ब बदलायचा कुणी? मीही हसायचे. मला हसू यायचंही. माणूस नुसता वाईट असता तर किती सोपं झालं असतं, बाहेर पडायला पहिल्या वर्षीच रस्ता सापडला असता. पण तो रविवारी माझ्या डोक्याला तेल लावून द्यायचा. माझे ब्रश स्वतः धुऊन, उलटे करून वाळत घालायचा. आणि मारायचा तेव्हा कधी चेहऱ्यावर नाही. कॅमेऱ्याला काय दिसतं आणि काय नाही हे त्याच्याइतकं कुणाला कळतं? दंड, पाठ, मांड्या, कमरेच्या वरचा भाग. सासूबाई एकदा मला म्हणाल्या होत्या, त्याचा हात जरा चालतो, पण मनाने देवमाणूस आहे गं. बहीण म्हणाली, सांभाळून घे. एकाच घरात दोन माणसं कामाला, एकाच गाडीने जाता-येता, ह्याहून काय पाहिजे तुला, असंही म्हणाली. बरोबर होतं तिचं. एकाच गाडीने जायचो-यायचो. सेटवर कुणाशी किती वेळ बोलले, कशाला हसले, ह्याचा जाब उतरायच्या आत द्यावा लागायचा.

चार दिवसांपूर्वीचं तर काहीच नव्हतं. मी मॉनिटरवर बघितलं आणि दिग्दर्शकाला म्हणाले की ह्या उजेडात हिरोइनची कातडी कावीळ झाल्यासारखी पिवळी दिसतेय. माझ्या कामातली गोष्ट होती, बोलणं भागच होतं. दिग्दर्शकाने तिथूनच हाक मारली, "दादा, वहिनी म्हणतात दिवा पिवळा आहे." सगळे हसले. दादाही हसला, दिव्यावरचा कागद बदलला, मला लांबून सलाम ठोकला. घरी आल्यावर त्याने चपला काढल्या, त्या नीट जोडीने ठेवल्या, आणि मग माझा दंड धरला. म्हणाला, "माझ्या दिव्याबद्दल तू चारचौघांत बोलणार?" एवढं एकच वाक्य तो निरनिराळ्या चालीवर म्हणत राहिला आणि बोटं आवळत गेला. ओरडला नाही. तो ओरडत नाही. शेजारचे आमचा संसार बघून आपापल्या पोरींना उदाहरण देतात.

मी बारका ब्रश आणि जांभळ्या रंगाची डबी उचलली. वहीवालीला म्हणाले, केस जुळत नव्हते असंच सांग. हे सांगताना मला काही वाटलं नाही, हे ऐकून ठेवा. पुढे जे झालं त्यावरून कुणी मला वाघीण वगैरे म्हणायला लागतं, म्हणून सांगते. अकरा वर्षांची सवय होती. डाग दिसला की हात पुसायलाच जायचा.

हिरोइन तिच्या खोलीत पाय वर घेऊन बसली होती, एका हाताने खात होती, रंगवलेला हात तिने लाकडासारखा लांब धरला होता. पोरगी चांगली आहे. मला बघून हसायला लागली आणि म्हणाली, "ताई, तुमच्यामुळे आज माझ्या घरी गोंधळ झालाय." तिने सकाळी दंडाचा फोटो काढून गमतीने आईला पाठवला होता, खाली काही न लिहिता. आईचे लागोपाठ नऊ फोन. हिने उचलला तर आई रडत ओरडत होती, कुणी हात लावला तुला, नाव सांग, मी आत्ता निघाले. बाप गाडीची किल्ली शोधत होता. रंग आहे म्हणून सांगितलं तरी पटेना, शेवटी तिने व्हिडिओवर कोपऱ्यातून थोडा पुसून दाखवला तेव्हा कुठे बाई शांत झाली आणि मग अर्धा तास शिव्या दिल्या. हिरोइन सांगत होती आणि हसत होती. मी तिचा दंड हातात घेतला. कुणी हात लावला तुला. नाव सांग. मी हे वाक्य मनात दोनदा म्हणून बघितलं. किती साधं वाक्य आहे. सहा शब्द. माझ्या आयुष्यात इतकी माणसं आहेत, प्रेमळ माणसं आहेत, पण हे सहा शब्द कुणाच्या तोंडून मी ऐकले नव्हते. आणि हिला ते रंगासाठी ऐकायला मिळाले होते.

ब्रशाचं टोक मी अर्ध्या बोटापाशी नेलं. उरलेलं बोट काढायला अर्धं मिनिट लागतं. मी ते काढलं की तो हात कुणाचाही होणार होता. सिनेमातल्या त्या नटाचा, रस्त्यावरच्या कुणाचाही. रंगवलेल्या दंडावरून मी त्याला स्वतः सोडवणार होते, हाताला धरून बाहेर काढणार होते, आणि संध्याकाळी एकाच गाडीने त्याच्याबरोबर घरी जाणार होते. माझा हात थांबला. भीतीने नाही, दयेनेही नाही. कंटाळा आला मला. त्या अर्ध्या मिनिटाचा इतका कंटाळा आला की ब्रश जड झाला. मी डबीचं झाकण लावलं. हिरोइनने विचारलं, झालं का? म्हटलं, झालं.

क्लोजअपची तयारी सुरू झाली. हिरोइनला खिडकीपाशी बसवलं. दादा दिव्याची ताकद मोजायचं यंत्र घेऊन आला, तोंडाने कसलीशी शीळ वाजवत, आणि त्याने ते यंत्र तिच्या दंडाजवळ धरलं. मी दोन पावलांवर होते. शीळ थांबली. त्याने एकदा दंडाकडे बघितलं, मग यंत्र डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात खिशात घातला. तो हात त्याने खिशात घातलेला मी कधी बघितला नव्हता. त्या तुटक्या बोटाचा त्याला गर्व होता. रंग बघायला वाकल्यासारखा तो माझ्याकडे वळला, तोंडावरचं हसू तसंच ठेवून, आणि ओठ न हलवता म्हणाला, "पूस ते. घरी बोलू."

घरी बोलू. ह्या दोन शब्दांवर अकरा वर्षं संसार चालला होता. बाहेर काहीही झालं तरी घरी बोलू. अंग नेहमीसारखं घाबरलं. शरीराला काय माहीत की आपण काय ठरवलंय. ते आपलं जुन्या वाटेने घाबरत राहतं. मी नुसती तिथून हलले नाही.

तेवढ्यात दाराशी गडबड झाली आणि बाई आल्या. सिनेमा ज्यांच्यावर चालला होता त्या गाणाऱ्या बाई. सत्तरी ओलांडलेल्या, काठी टेकत, पण आवाज असा की कुजबुजल्या तरी शेवटच्या भिंतीपर्यंत पोचावा. शूटिंग बघायला येणार असं दिग्दर्शक महिनाभर सांगत होता आणि आत्ताच नेमक्या आल्या. बाईंनी पंचविसाव्या वर्षी नवऱ्याचं घर सोडलं, त्याच्याशिवाय एकटीने गाणं केलं, मोठं केलं, हे सगळ्यांना माहीत होतं. सिनेमात त्या पावसातून, अनवाणी, केस सोडून पळत सुटतात. बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, मॉनिटरवर सकाळचा तुकडा दाखवला. बघून झाल्यावर त्या म्हणाल्या की मी काही पळाले नव्हते, एवढ्या पावसात पळून घसा कोण बसवून घेईल. दिग्दर्शक हसला, सगळे हसले. मग बाईंनी हिरोइनला जवळ बोलावलं आणि तिचा दंड हातात घेतला.

बराच वेळ बघत राहिल्या. इतका वेळ की लोकांच्या तोंडावरचं हसू शिळं झालं. मग म्हणाल्या, "हा माझ्या नवऱ्याचा हात नाही."

दिग्दर्शक समजुतीच्या सुरात सांगायला लागला की सिनेमात थोडं इकडेतिकडे करावं लागतं. बाईंनी त्याला बोटाने थांबवलं. "माझा नवरा हाताने मारतच नव्हता. वादक होता तो. हात जपायचा. थंडीत मोजे घालून झोपायचा. तो हँगरने मारायचा. कोटाचा, लाकडी. तुला मी हे सांगितलं होतं."

दिग्दर्शक म्हणाला, हो, पण हँगर पडद्यावर जरा हास्यास्पद दिसतो.

"मला तर कधी हसू आलं नाही," बाई म्हणाल्या.

बाईंनी पुन्हा दंडाकडे बघितलं आणि आपलं म्हातारं बोट त्या वळांवरून फिरवलं, एक, मग दुसरं, तिथे थांबल्या, पुन्हा मागे गेल्या. "आणि हा हिरवा," म्हणाल्या. "हे मनाने कुणी काढत नाही. हे कुणी काढलं?" हिरोइनने माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनी बघितलं. बाईंनी मला जवळ बोलावलं नाही, काही समजावलं नाही. गाण्यातली चूक विचारावी इतक्या कोरड्या आवाजात विचारलं, "मुली, हा हात कुणाचा आहे?"

आता हे वाक्य मी किती वेळा मनात बोलले होते. आंघोळ करताना, भांडी घासताना, गाडीत त्याच्या शेजारी बसून. दर वेळी त्यात मोठमोठे शब्द असायचे, शिव्या असायच्या, रडणं असायचं, शेवटी तो पाया पडायचा. प्रत्यक्षात तोंडातून दोनच शब्द आले. मी समोर उभ्या असलेल्या सगळ्या युनिटकडे बघितलं, ज्यांना त्याने दवाखान्यात नेलं होतं, ज्यांना हसवलं होतं, आणि म्हणाले, "तुमच्या दादाचा."

आवाज चढवला नव्हता. पण पंखेसुद्धा बंद होते, सगळ्यांना ऐकू गेलं. पहिला हसला तो दादाच. खिशातून हात न काढता म्हणाला, "घ्या. आमची बायको आता नवऱ्याच्या सहीचीसुद्धा नक्कल करायला लागली." विनोद चांगला होता, एरवी सगळ्यांनी सेट डोक्यावर घेतला असता. दोघेतिघे हसलेही, सवयीने, आणि हसता हसता त्यांना वळांतलं ते बोट दिसलं असावं, कारण हसणं मधेच राहिलं. दिव्यांवरचा एक जुना माणूस, दादाबरोबर वीस वर्षं काम केलेला, शिडीवरून खाली उतरला आणि जमिनीकडे बघत उभा राहिला. दादा मग माझ्याशी बोलला, सगळ्यांसमोर, गोड आवाजात. "बरं नाहीये का तुला? चल, घरी जाऊ."

"मी येत नाही," मी म्हणाले. "आज नाही आणि उद्याही नाही. आणि ते पुसणारही नाही."

बाही वर करून दाखव असं मला कुणी म्हणालं नाही. म्हणालं असतं तरी दाखवली नसती. पुढे पुष्कळांनी मला विचारलं, का नाही दाखवलीस, तिथल्या तिथे तोंड बंद झालं असतं सगळ्यांचं. का दाखवू? अकरा वर्षं ज्यांना दिसलं नाही त्यांना आता तपासायला माझं अंग द्यायचं? त्यांना पुरावाच हवा असेल तर तो सकाळपासून त्यांच्याच कॅमेऱ्यात होता, चार शॉट, दोन जवळून.

दादा बाहेर गेला. दार आपटलं नाही त्याने, ते आपटण्यातला तो माणूसच नाही. बाहेरून त्याने गाडी चालू केल्याचा आवाज आला, बराच वेळ ती नुसती घरघरत उभी होती, माझी वाट बघत. मी तो आवाज ऐकत होते. माझे गुडघे त्या आवाजाच्या दिशेने निघाले होते हे मी लपवणार नाही. मी खुर्चीची पाठ धरून ठेवली. मग गाडी गेली.

दिग्दर्शकाला मात्र वेगळीच घाई झाली होती. त्याचे डोळे चमकायला लागले होते. हे विलक्षण आहे, म्हणाला, हेच ठेवायचं, ह्यावरच क्लोजअप घेऊ, ह्यात खरेपणा आहे. मला त्याच्या थोबाडात द्यावीशी वाटली. म्हटलं, "खरेपणा आत्ता दिसला तुम्हाला. वहिनी म्हणतात दिवा पिवळा आहे, असं ओरडलात तेव्हा काय दिसत होतं?" त्याला काय ते कळलं नाही. मग तो बाईंकडे वळला, तुमची हरकत नाही ना, शेवटी तुमचा सिनेमा आहे. बाई काठीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं की राहू दे तो हात, मारणारा काय एकट्या माझ्याच घरी होता की काय. आणि हँगरही घाल, म्हणाल्या. हँगर घातल्याशिवाय मी परवानगीच्या कागदावर सही करायची नाही. मला त्यांनी जवळ घेतलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. जाताना एवढंच विचारलं की संध्याकाळी कुठे जाणार. माझ्याआधी वहीवालीच म्हणाली, माझ्याकडे. आई आहे घरी, ती फार बोलते, पण एक खाट रिकामी आहे.

दिवा त्या जुन्या माणसाने लावला. मला वाटलं आता हा माझ्याशी काहीतरी बोलेल, पण तो फक्त म्हणाला, "उजेड बरोबर आहे का बघा, ताई." मी मॉनिटरवर बघितलं. बरोबर नव्हता. करंगळी अंधारात जात होती. मी तसं सांगितलं आणि त्याने दिवा सरकवला. शॉट झाला. दुसरा झाला. हिरोइन दोन्ही वेळा रडली, कागदावर रडायचं लिहिलेलं नव्हतं तरी. मी दर शॉटनंतर जाऊन तिच्या दंडावर पावडर मारली, हिरव्याची कड सारखी केली. काम चांगलं झालं होतं, आणि ते माझं होतं.

दिवस मावळायच्या सुमाराला मी ब्रश धुवत होते. वहीवाली वही उघडून शेजारी बसली. तिने लिहिलेलं मला वाचून दाखवलं, नेहमीच्या रुक्ष आवाजात: डावा दंड, चार वळ, मधलं बोट अर्धं, सर्व शॉटमध्ये असंच ठेवणे. मग पुढचं पान काढलं. कथेत ह्यानंतर तीन दिवसांनी बाई मैत्रिणीच्या घरी आहेत, तो प्रसंग परवा घ्यायचा होता. तिथे दंड कसा दिसेल? सातवा दिवस, मी म्हणाले. पिवळा, मधे थोडी तपकिरी झाक, बोटं वेगवेगळी कळणार नाहीत. तिने लिहून घेतलं.

"आणि बाराव्या दिवसाचा एक प्रसंग आहे," ती म्हणाली. "पहिलं रेकॉर्डिंग, एकटीचं. ते शूटिंग पुढच्या आठवड्यात, आजपासून आठ दिवसांनी. बाराव्या दिवशी कसा असतो रंग?"

मी आठवून बघितलं. पहिला दिवस सांगता आला असता, दुसरा, पाचवा, आठवा. नवव्याच्या पुढे काही नव्हतं. अकरा वर्षांत एकही वळ तिथवर पोचलाच नव्हता. त्याच्याआधीच त्यावर दुसरा उठायचा, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. जखमा काढण्यात जिच्यासारखी दुसरी नाही म्हणतात, तिला बरं झालेलं कातडं कसं दिसतं हे माहीत नव्हतं.

वहीवाली पेन धरून थांबली होती.

"ती जागा कोरी ठेव," मी म्हणाले. "मला माहीत नाही. आठ दिवसांनी बघून सांगते."